बायआउट कुणाच्या खिशातून? युरोपातला तरुण बास्केटबॉलपटू एनबीएत नेताना

‘बायआउट’ हा शब्द पुण्यातल्या आयटीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. नव्वद दिवसांची नोटीस असते. नवी कंपनी म्हणते पंधरा तारखेला रुजू व्हा, जुनी म्हणते उरलेल्या दिवसांचा पगार भरा आणि खुशाल जा. मग टपरीवर मित्र एकच प्रश्न विचारतात: बायआउट कोण देतंय? ‘कंपनी देईल’ असं तोंडी सांगितलेलं असतं. ऑफर लेटर नीट वाचलं की कळतं, आधी स्वतः भरायचे, मग पगारातून परत मिळणार, तेही कर कापून.

बास्केटबॉलमध्ये शून्यं वाढतात, प्रश्न तोच राहतो. बादालोना, बेलग्रेड किंवा कौनासमधला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा क्लबबरोबर चार-पाच वर्षांचा करार करतो. दोन-तीन वर्षांत तो इतका मोठा होतो की एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचा, एखादा संघ ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या दोन फेऱ्यांच्या वार्षिक निवडीत) त्याचं नाव घेतो. पण करार संपायला अजून दोन वर्षं असतात. ती दोन वर्षं विकत घेण्याची किंमत म्हणजे बायआउट.

ड्राफ्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो. चहाचा कप हातात धरून तो बघणाऱ्यांना दरवर्षी एक कोडं पडतं: हा पोरगा यंदा येणारच नाही म्हणतात, मग घेतला कशाला? तुम्ही त्यांतले असाल, किंवा क्रीडा व्यवस्थापन, क्रीडा कायदा असलं काही शिकत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी. वाचताना टेबलाच्या एकाच बाजूला बसायचं आहे, त्या पोराच्या. क्लबला वकील असतो, एनबीएच्या संघाला तर वकिलांचा अख्खा विभाग असतो. पोराकडे बहुतेक वेळा एक एजंट आणि काळजीत पडलेले आईवडील एवढंच असतं.

पायरी १: करार मागवा, आणि आकडा शेवटी वाचा

बातमीत नुसता आकडा येतो. करारात त्या आकड्याभोवती पाच-सहा वाक्यं असतात आणि खरी मेख त्यांत असते. मी दिवसभर करारांचेच कागद चाळतो. खेळाडूंचे नव्हेत, भाडेपट्ट्यांचे आणि सेवा करारांचे. पण सवय तीच: रकमेवर बोट ठेवायचं आणि आजूबाजूचं आधी वाचायचं.

सगळ्यात आधी तारखा शोधा. युरोपातल्या खेळाडूंच्या बोलीत ज्याला ‘एनबीए आउट’ म्हणतात ते कलम बारा महिने उघडं नसतं. उन्हाळ्यात एक खिडकी असते. त्या तारखांच्या आत लेखी कळवलं तर बायआउट लागू, एक दिवस उशीर झाला तर पुढचा हंगाम क्लबचा. खिडकी अरुंद असण्याला कारण आहे. क्लबला ऑगस्टमध्ये सराव सुरू करायचा असतो आणि पर्यायी खेळाडू जुलैतच बाजारात मिळतो. त्यामुळे तारखेवर क्लब आकड्यापेक्षा जास्त अडून बसतो. इकडे ड्राफ्ट जूनच्या शेवटी. २०१८ मध्ये लुका डॉन्चिच १९ जूनला रेआल माद्रिदकडून स्पॅनिश लीगचा अंतिम सामना जिंकला आणि २१ जूनला न्यूयॉर्कमध्ये ड्राफ्टच्या सभागृहात हजर होता. मध्ये दोनच दिवस. अशा धावपळीत नोटीस कुणी, कधी, कुठल्या पत्त्यावर पाठवायची हे आधी ठरलेलं नसेल तर घोटाळा व्हायला वेळ लागत नाही.

नोटिशीचं महत्त्व कळायला ब्रायन शॉचं प्रकरण वाचावं. ते उलट्या दिशेचं आहे, पण शिकवतं भरपूर. बॉस्टन सेल्टिक्सचा हा अमेरिकन खेळाडू १९८९ मध्ये रोमच्या इल मेस्साजेरो संघाकडे दोन वर्षांच्या करारावर गेला. दुसरं वर्ष रद्द करायचा हक्क त्याला होता, पण त्यासाठी २० जून ते २० जुलै १९९० या महिन्याभरात क्लबला रजिस्टर्ड पत्र द्यायला हवं होतं. जानेवारी १९९० मध्ये त्याने सेल्टिक्सशी नवा करार केला आणि हे पत्र पाठवायचं कबूल केलं. उन्हाळा जवळ आला तसा त्याचा विचार बदलला आणि त्याने पत्र द्यायला नकार दिला. प्रकरण लवादाकडे गेलं, तिथून फेडरल न्यायालयात, आणि न्यायाधीशाने चक्क ते पत्र पाठवण्याचा आदेश दिला. पुढचा हंगाम शॉ बॉस्टनमध्ये खेळला. एवढा कज्जा एका रजिस्टर्ड पत्रावरून झाला.

तारखांनंतर ‘कुठे’ ते बघा. कलमात ‘एनबीए’ एवढंच लिहिलंय का? एनबीएच्या खालची जी लीग त्यात धरली आहे का? मुख्य संघ आणि जी लीग यांत ये-जा करणाऱ्या टू-वे कराराचं काय? दुसऱ्या फेरीत निवडलेल्या पोराला अनेकदा टू-वेच मिळतो, आणि तेव्हा कळतं की ‘एनबीएच्या प्रमाणित करारासाठीच’ असे शब्द कलमात होते. समर लीग, म्हणजे एनबीए संघांची नवख्यांसाठीची उन्हाळी स्पर्धा, खेळायला क्लबची परवानगी लागेल का, आणि तिथे पाय मोडला तर विमा कुणाचा, हेही इथेच विचारून घ्या.

चलन तर बहुतेकांच्या नजरेतूनच सुटतं. बायआउट युरोत लिहिलेला असतो, पोराचा पगार डॉलरमध्ये येणार असतो. २० लाख युरो म्हणजे एका उन्हाळ्यात २१ लाख डॉलर, दुसऱ्या उन्हाळ्यात २३ लाख. मधले दोन लाख कुणाचे? एनबीएचा संघ देऊ शकतो त्या रकमेची मर्यादा डॉलरमध्ये ठरलेली आहे, त्यामुळे युरो वधारला की फरक पोराच्या अंगावर येतो. त्याच ओळीत रक्कम करासह आहे की कर वेगळा, हेही स्पष्ट करून घ्या. क्लब पुढे बिल पाठवतो आणि वर व्हॅट लावतो, तेव्हा तोंड उघडून उपयोग नसतो.

करार स्पेनमधला असेल तर एक गोष्ट जास्तीची. तिथे व्यावसायिक खेळाडूंसाठी १९८५ चा १००६ क्रमांकाचा शाही हुकूमनामा लागू आहे. खेळाडू स्वतःहून करार सोडून गेला तर क्लबला भरपाई मिळते. ती करारात ठरलेली असेल तर तेवढी, नसेल तर कामगार न्यायालय ठरवेल तेवढी. म्हणून स्पॅनिश करारांत तो आकडा आवर्जून लिहिलेला असतो, आणि क्लब तो हात सैल सोडून लिहितो.

पायरी २: एनबीएचा संघ किती देईल ते मांडा

लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच असतो. ‘एनबीएवाल्यांकडे पैशाला काय तोटा, देतील की बायआउट!’ पैसा आहे, पण नियम आड येतो. एनबीएत पगारमर्यादा आहे. संघाने परदेशी क्लबला हव्या तेवढ्या रकमा वाटल्या तर श्रीमंत संघ मर्यादेला बगल देऊन सगळे चांगले पोरगे उचलतील. म्हणून लीग आणि खेळाडू संघटना यांच्या सामूहिक करारात एक ठरावीक रक्कम आहे. तेवढी संघ क्लबला स्वतःच्या खिशातून देऊ शकतो आणि ती पगारमर्यादेत मोजली जात नाही. २००९ मध्ये ही रक्कम ५ लाख डॉलर होती, २०१९-२० च्या हंगामात साडेसात लाख, आणि आता ती साडेआठ लाखांच्या पुढेमागे आहे. ती हंगामागणिक थोडी थोडी वाढते, म्हणून हिशेब मांडताना त्या वर्षीचा आकडा घ्या.

त्याच्या वर एक डॉलर जरी संघाने दिला तर तो खेळाडूच्या कराराचा साइनिंग बोनस धरला जातो. म्हणजे तो पगाराचाच भाग, मर्यादेत मोजला जाणारा. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा पगार तर ‘रूकी स्केल’ने बांधलेला असतो. कितवा क्रमांक, त्यावर पट्टी ठरलेली. संघ पट्टीच्या ८० टक्क्यांपासून १२० टक्क्यांपर्यंत देऊ शकतो, आणि व्यवहारात जवळपास सगळ्यांना १२० टक्केच मिळतात. बोनससुद्धा त्या १२० टक्क्यांच्या आत बसवायचा. थोडक्यात, मर्यादेवरचा बायआउट पोरगाच भरतो. चेकवर सही कुणाची हा तपशील झाला.

एक कागद घ्या आणि मांडून बघा. समजा विसाव्या क्रमांकाच्या आसपास निवड झाली, पहिल्या वर्षाचा पगार ३० लाख डॉलर, बायआउट २० लाख डॉलर. संघ साडेआठ लाख देतो, उरले साडेअकरा लाख. आता ३० लाखांतले १० टक्के, म्हणजे ३ लाख, एनबीए एस्क्रोत बाजूला ठेवते. लीगचं उत्पन्न आणि पगार यांचा ताळा वर्षाअखेर जमला तर ते परत येतात, नाहीतर गेले. अमेरिकेचा केंद्रीय कर वरच्या टप्प्याला ३७ टक्के, त्यावर राज्याचा. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात भरपूर आहे. कर ११ लाख धरा. एजंटचा वाटा एनबीएत जास्तीत जास्त ४ टक्के, तो एक लाखाच्या आसपास धरा. हातात राहिले १५ लाख. त्यातून बायआउटचे साडेअकरा गेले की वर्षभर राहायला-खायला साडेतीन लाख डॉलर उरले.

‘साडेतीन लाख डॉलर काय कमी आहेत?’ असं तुम्ही म्हणाल. माझ्याही डोळ्यांना ते पुष्कळच दिसतात. पण तोच पोरगा क्लबमध्ये राहिला असता तर कदाचित तेवढेच निव्वळ मिळवत होता, कारण युरोपातले मोठे क्लब करार निव्वळ रकमेत करतात, कर आणि घर त्यांचं. शिवाय आपण हे विसाव्या क्रमांकाचं गणित केलं. अठ्ठाविसावा क्रमांक घेऊन पुन्हा मांडा, पहिलं वर्ष उणेत जातं.

दुसरी अडचण रोकड्याची. क्लबला पैसे जुलैत हवे असतात आणि एनबीएचा नेहमीच्या वेळापत्रकातला पहिला पगार नोव्हेंबरच्या मध्याला येतो. मधल्या चार महिन्यांचं काय? काही रक्कम साइनिंग बोनस म्हणून आधी काढता येते, काहीसाठी क्लबकडून हप्ते मागावे लागतात. हे आधी ठरवलं नाही तर वडिलांना बँकेच्या दारात उभं राहावं लागतं. बायआउटची रक्कम कराच्या हिशेबात कशी धरायची, हे अमेरिका आणि क्लबचा देश अशा दोन्हीकडच्या करसल्लागारांकडून सहीच्या आधी लेखी घ्या.

या पायरीचं पाठ्यपुस्तकातलं उदाहरण रिकी रुबियो. बादालोनाच्या जुव्हेंतुत क्लबकडून तो स्पेनच्या वरिष्ठ लीगमध्ये उतरला तेव्हा त्याला पंधरावं वर्षही पूर्ण नव्हतं. सतराव्या वर्षी बीजिंग ऑलिंपिकचं रौप्यपदक. २००९ च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्जने त्याला पाचव्या क्रमांकावर घेतलं. पण पोरगेपणी केलेल्या करारातला बायआउट पन्नास लाख युरोंच्या वर असल्याचं तेव्हा छापून येत होतं, आणि पगार त्यापुढे चिल्लर. मिनेसोटाला द्यायची मुभा ५ लाख डॉलर. पाचव्या क्रमांकाचा पहिल्या वर्षाचा पगार पट्टीने ओढूनताणून पस्तीस लाखांच्या आत. म्हणजे दोन वर्षं फुकट खेळूनही बायआउट फिटला नसता. पुढे काय झालं ते चौथ्या पायरीत येईल.

पायरी ३: कुठल्या वर्षी जायचं

आकड्यावर सगळे घासाघीस करतात, वर्षावर फार कमी लोक करतात. माझ्या मते वर्षाची निवड आकड्याइतकीच महाग असते, काही वेळा जास्तच.

आधी वयाचं गणित. ड्राफ्टच्या कॅलेंडर वर्षात किमान १९ पूर्ण होत असायला हवीत. ज्या वर्षी २२ पूर्ण होतात त्या वर्षी परदेशी खेळाडू आपोआप पात्र ठरतो. मधल्या वर्षांत नाव स्वतः द्यावं लागतं, आणि ड्राफ्टच्या १० दिवस आधीपर्यंत ते मागे घेता येतं. ही मागे घ्यायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. तोपर्यंत एजंटने संघांशी बोलून दोन गोष्टी काढलेल्या असायला हव्यात: साधारण कितवा क्रमांक, आणि संघाला पोरगा यंदाच हवाय की तिकडेच ठेवायचा आहे.

‘तिकडेच ठेवणे’ हीच पहाटेच्या त्या कोड्याची उकल. संघ ड्राफ्टमध्ये खेळाडूचे हक्क घेतो, खेळाडू युरोपात खेळत राहतो, हक्क संघाकडेच राहतात. पहिल्या फेरीतल्या निवडीची रक्कम सही झाली नसली तरी संघाच्या पगारमर्यादेत धरली जाते. पण खेळाडू आणि संघ दोघांनी लेखी दिलं की यंदा करार होणार नाही, तर ती निघते आणि संघाला तेवढी जागा मोकळी होते. असा कागद पुढे आला तर त्याची किंमत ओळखा. संघाला तुमच्याकडून काहीतरी हवं आहे. बदल्यात पुढच्या वर्षाबद्दल काय बोलणं झालंय ते नीट टिपून ठेवा.

आता खरी गंमत. पहिल्या फेरीतला खेळाडू एक-दोन वर्षांनी आला तरी त्याला रूकी स्केलच लागतं. तीन हंगाम बाहेर काढून आला तर पट्टी सुटते, आणि संघाकडे जागा असेल तेवढा पगार मागता येतो.

२०१४ च्या एकाच ड्राफ्टमधले दोन पोरगे बघा. क्रोएशियाचा दारियो शारिच बाराव्या क्रमांकावर निवडला गेला, इस्तंबूलच्या अनाडोलू एफेसकडे दोन वर्षं खेळला आणि २०१६ मध्ये फिलाडेल्फियाला आला, पट्टीच्या पगारावर. सर्बियाचा बोगदान बोगदानोविच सत्ताविसावा. म्हणजे पट्टी तर आणखीच खालची. तो त्याच शहरातल्या फेनेरबाचेकडे तीन वर्षं थांबला, २०१७ मध्ये युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात सॅक्रामेंटो किंग्जकडून तीन वर्षांचे २ कोटी ७० लाख डॉलर घेऊन गेला. बाराव्यापेक्षा सत्ताविसावा कितीतरी पुढे निघून गेला, तेही एका जास्तीच्या वर्षाच्या जोरावर.

निकोला मिरोतिचचं तर बायआउटशी थेट नातं आहे. २०११ मध्ये तेविसावा क्रमांक, हक्क शिकागो बुल्सकडे. रेआल माद्रिदचा बायआउट पंचवीस-तीस लाख डॉलरच्या घरातला, आणि तेविसाव्या क्रमांकाची पट्टी वर्षाला जेमतेम बारा-पंधरा लाख. लगेच जाणं म्हणजे घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं. तो तीन हंगाम थांबला, २०१४ मध्ये पट्टीबाहेरचा तीन वर्षांचा करार घेतला, वर्षाला पन्नास लाखांच्या वर. आता बायआउट पेलवला.

थांबण्यात धोका नाही असं नाही. गुडघा जातो, प्रशिक्षक बदलतो, संघाचा रस संपतो. आणि कधी खेळाडूलाच वाटतं की इथेच बरं. स्पेनच्या फ्रान व्हाझ्केझला ऑर्लँडोने २००५ मध्ये अकराव्या क्रमांकावर घेतलं, तो गेलाच नाही. सर्जिओ युलचे हक्क ह्यूस्टनने २००९ मध्ये साडेबावीस लाख डॉलर मोजून घेतले, पण युल माद्रिद सोडून गेलाच नाही. म्हणून पोराला एकट्याला बाजूला घेऊन एकदा विचारा: तुला खरंच जायचंय का? एजंटला जायचं असतं, वडिलांना जायचं असतं, पोराला विचारायचं राहून जातं.

दुसऱ्या फेरीतल्यांना पट्टीच नाही, त्यामुळे त्यांना तीन वर्षं थांबण्याचं हे गणित लागू नाही. २०२३ च्या सामूहिक करारापासून संघांना दुसऱ्या फेरीच्या निवडीसाठी खास सवलत आहे, तिच्यातून पगारमर्यादेत जागा नसतानाही तीन-चार वर्षांचा करार देता येतो. बायआउट लहान असेल तर हा रस्ता उलट सोपा पडतो.

पायरी ४: क्लबसमोर बसा

क्लबला शत्रू समजून आत जाऊ नका. त्यांनी पोराला बाराव्या-तेराव्या वर्षापासून वसतिगृहात ठेवून वाढवलेलं असतं. बादालोनासारख्या क्लबचं अंदाजपत्रक असा एखादा पोरगा विकूनच उभं राहतं. त्यांना काय हवंय ते ओळखलं तर सौदा होतो.

त्यांना बहुधा तीन गोष्टी हव्या असतात: पैसे वेळेवर, बदली खेळाडू शोधायला वेळ, आणि लोकांसमोर मान. वेळ तुम्ही फुकट देऊ शकता. लवकर कळवा, बदल्यात रक्कम कमी मागा किंवा हप्ते मागा. आणखी एक हंगाम थांबायची तयारी दाखवली तर क्लब बायआउट बराच खाली आणतो, कारण पोरगा एक वर्ष जास्त मिळाला आणि पैसेही मिळणार आहेत. नवा करार करताना दरवर्षी घसरणारा आकडा लिहून घ्या: पहिल्या उन्हाळ्यात इतका, दुसऱ्यात त्याच्या निम्मा, तिसऱ्यात नाममात्र.

सही अजून व्हायची असेल, म्हणजे पोरगा सोळाचा असेल, तर तुमच्या हातात सगळ्यात जास्त ताकद आत्ताच आहे. त्या दिवशी आईवडील पगाराकडे बघतात. पगार थोडा कमी घ्या, पण बायआउट खाली आणा. यानिस आंतेतोकुनम्पो ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना स्पेनच्या सारागोसा क्लबशी त्याचा चार वर्षांचा करार झाला होता. त्यात एनबीएची वाट मोकळी ठेवणारी कलमं होती. काही महिन्यांत मिल्वॉकीने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं आणि तो सारागोसासाठी एकही सामना न खेळता निघून गेला. ती कलमं सुचवणाऱ्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

आता रुबियो. कायदेशीर दाद मागण्याच्या हालचाली झाल्या, मिनेसोटाचे लोक बादालोनाच्या वाऱ्या करून आले, जुव्हेंतुत हलला नाही. तेव्हा तिसराच रस्ता निघाला. शेजारच्या बार्सिलोनाने सुमारे ३५ लाख युरो मोजून त्याला घेतलं. युरोपातल्या क्लबला तेव्हा एनबीएसारखी पगारमर्यादा नव्हती, त्यामुळे जे मिनेसोटाला करता येत नव्हतं ते बार्सिलोनाने आठवड्यात केलं. बदल्यात रुबियोने दोन वर्षं दिली, आणि नव्या करारात एनबीएसाठीचा आकडा दहा लाख युरोंच्या आसपास उतरवून घेतला. २०११ मध्ये तो मिनेसोटाला पोचला. जुव्हेंतुतला पैसे मिळाले, बार्सिलोनाला खेळाडू मिळाला, पोराचं कर्ज टळलं. मिनेसोटाची मात्र दोन वर्षं गेली, पण ती आपली बाजू नव्हे.

पायरी ५: कागद

हे कंटाळवाणं आहे, पण इथे चूक झाली तर विमान चुकतं. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जाताना ‘लेटर ऑफ क्लिअरन्स’ लागतं. जुन्या क्लबच्या देशाचा बास्केटबॉल महासंघ ते देतो. क्लबने ‘आमचा करार चालू आहे’ अशी हरकत घेतली तर ते अडतं, आणि एनबीएही करार चालू असलेल्या खेळाडूला तसाच उचलत नाही. म्हणून बायआउट भरल्याची पावती आणि क्लबने करार संपवल्याचं पत्र, दोन्ही एकाच वेळी हातात घ्या. ‘पैसे आले की पत्र देतो’ आणि ‘पत्र आलं की पैसे देतो’ यात आठवडा सहज जातो. पैसे वकिलाच्या खात्यात ठेवून दोन्ही गोष्टी एकाच दिवशी करायच्या.

एजंटचा परवानाही तपासा. युरोपात चालणारा फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा, परवाना एनबीएच्या संघाशी बोलायला पुरत नाही, तिथे एनबीए खेळाडू संघटनेची मान्यता असलेला एजंट लागतो. वाद झालाच तर करारात बास्केटबॉल लवाद न्यायाधिकरणाचं कलम आहे का बघा. फिबाने २००७ मध्ये ही व्यवस्था सुरू केली, तिची कायदेशीर बैठक जिनिव्हात आहे. विशिष्ट देशाच्या कायद्यात न अडकता न्याय्य काय ते बघून निकाल देण्याची तिची पद्धत आहे. आपल्याकडे दिवाणी दाव्यात तारखांवर तारखा पडतात, त्या मानाने हे फारच लवकर उरकतं. कलम नसेल तर मात्र त्या त्या देशाच्या कामगार न्यायालयात जाऊन बसायचं.

पायरी ६: कॉलेजची वाट तपासून बघा

दहा वर्षांपूर्वी हा भाग लिहायची गरज पडली नसती. अमेरिकी कॉलेजांत खेळायचं तर हौशी राहावं लागे, म्हणून व्यावसायिक करार केलेल्याला ते दार बंद. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज यांचे दोन सामने झाले. पेसर्समध्ये तेव्हा डोमांटास सबोनिस होता. किशोरवयात तो स्पेनच्या मालागा क्लबच्या वरिष्ठ संघात खेळत होता. पण व्यावसायिक करार नाकारून तो अमेरिकेत गोन्झागा कॉलेजात गेला आणि तिथून २०१६ मध्ये ड्राफ्ट झाला. सहीच नाही, म्हणजे बायआउटही नाही. दोन वर्षं पगार सोडला, पण मान मोकळी ठेवली. समोरच्या किंग्जमध्ये नेमान्या ब्येलित्सा होता. २०१० मध्ये ड्राफ्ट होऊन तो पाच वर्षं युरोपात खेळला आणि मगच आला. दोन वाटा मुंबईच्या एकाच कोर्टवर आल्या होत्या.

आता कॉलेजं उघड पैसे देतात. जून २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर एखादं कॉलेज आपल्या सगळ्या खेळांतल्या खेळाडूंना मिळून थेट पैसे वाटू शकतं, २०२५-२६ या पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. त्याच्या आधीपासूनच ओघ सुरू झाला होता. २०२४ मध्ये येगोर द्योमिन रेआल माद्रिदमधून ब्रिगहॅम यंग विद्यापीठात गेला, कास्पारास याकुचोनिस बार्सिलोनातून इलिनॉयला. पुढच्याच वर्षी दोघे पहिल्या फेरीत निवडले गेले. मधल्या फळीतल्या पोराला एनबीएच्या पट्टीपेक्षा कॉलेज जास्त देऊ शकतं, आणि कॉलेजला एनबीएची पगारमर्यादा लागू नाही.

पण तुमचा करार काढून बघा. त्यात ‘एनबीए’ लिहिलंय, कॉलेज लिहिलेलं नाही. एनबीए आउट कलम कॉलेजला लागू होत नाही, म्हणजे क्लब वाटेल तो आकडा सांगायला मोकळा. नवा करार करत असाल तर कॉलेजसाठी वेगळं वाक्य आणि वेगळा, लहान आकडा घालून घ्या. त्याच बैठकीत कॉलेजच्या पात्रता अधिकाऱ्याला पोराचे आजवरचे सगळे करार दाखवा. तिथले नियम अजून दर सहा महिन्यांनी हलतात.

पायरी ७: परतीचं कलम

जाताना परत यायचा विचार कुणालाच नको असतो. पण एनबीएत गेलेले अनेक पोरगे दोन-तीन वर्षांत युरोपात परततात, आणि तेव्हा जुना क्लब करारातलं एक विसरलेलं वाक्य काढतो: ‘खेळाडू युरोपात परतल्यास प्रथम हक्क आमचा.’ काही ठिकाणी हे ठरावीक वर्षांपुरतं असतं, काही ठिकाणी फक्त त्याच देशातल्या क्लबांपुरतं, काही ठिकाणी मुदतच नसते. मुदत घाला, दोन वर्षं पुरेत. दुसऱ्या क्लबने दिलेली ऑफर जुन्या क्लबने किती दिवसांत तोडीस तोड द्यायची, तेही लिहा. नाहीतर पोरगा ऑगस्टभर घरी बसतो.

बायआउट भांडून न भरता हात मिळवून भरला असेल तर हे कलम बहुतेक वेळा कुणी काढतही नाही. रुबियो जानेवारी २०२४ मध्ये एनबीएतून बाहेर पडला, त्याच हंगामात थोडे दिवस बार्सिलोनाकडे खेळला, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात त्याने सही केली ती बादालोनात, जुव्हेंतुतबरोबर.